खालून भरलेली भेग

१

मिस्त्रीला सगळे मिस्त्रीच म्हणत आणि त्याच्या बायकोला मिस्त्रीणबाई. दगडाची डागडुजी हा दोघांचा मिळून धंदा. फुटलेले ओटे, टवके उडालेल्या पायऱ्या, बाथरूममधले बेसिनचे कट्टे. तो दगड सांभाळायचा, ती रंग. संगमरवराला आपण पांढरा म्हणून मोकळे होतो, पण तिच्या लेखी पांढरे सात होते. दुधाचा, सायीचा, खडूचा, जुन्या दाताचा, असे. भेगेत भरायच्या मिश्रणात ती रंगाचे थेंब असे सोडायची, की ते सुकल्यावर गिऱ्हाईक चष्मा पुसून पुसून भेग शोधत बसायचं.

"ह्यांचे नुसते हात," ती चारचौघांत सांगायची. "डोळे माझे. मी नसते तर हे दगड उचलायच्या हमालीवर असते."

तोही हसायचा, कारण ते खरंच होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, भांडणं मात्र घर भरून होती, आणि दोघांना त्यांच्याशिवाय करमत नसे.

एका सकाळी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. आवाज असा, की न बघताच 'सर' म्हणावं. बाथरूममधला कट्टा तडकलाय, आजच येता का, म्हणाले. अकराच्या सुमाराला दोघं त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचली.

लांब पॅसेजच्या टोकाला बाथरूम. खिडकीला धुरकट काच, भरपूर उजेड, सगळं कोरडं ठणठणीत. मिस्त्रीला आधी तेच जाणवलं. नळाच्या तोटीवर बारीक धूळ होती. ही बाथरूम कुणी वापरत नव्हतं. कट्टा पाच फुटांचा, पाऊण इंच जाडीचा, पांढऱ्यात राखाडी शिरा. बेसिनसाठी कापलेल्या गोलापासून मागच्या भिंतीपर्यंत भेग गेली होती. यात नवल काही नव्हतं. कापलेल्या जागी दगडात जीव कमी राहतो, फुटला तर तो तिथंच फुटतो.

"सर, चिकटवायचे दोन प्रकार," मिस्त्रीनं नेहमीचं पाठ म्हणायला घेतलं. "एक पंधरा मिनिटांत धरतो, पण ओल्या जागी पिवळा पडतो आणि पुढेमागे सोडतो. दुसरा इपॉक्सी. दोन डबे, मोजून मिसळायचे, दिवसभर हात लावायचा नाही. पण एकदा धरला, की दगड दुसरीकडे कुठंही फुटेल, तिथं फुटणार नाही."

"दुसरा," सर म्हणाले. ते दाराबाहेरच उभे होते. "उघडणार नाही ना?"

"आणि दिसणारही नाही," मिस्त्रीणबाई म्हणाली. "ते माझ्याकडे लागलं."

"दिसली तरी चालेल हो. उघडता कामा नये."

इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. लोकांना भेग लपवायची असते, मग आत काय का होईना. मिस्त्रीनं बायकोकडे बघितलं. तिनं भुवई उडवली. म्हातारा आहे, सोडा.

मिस्त्री खाली वाकला. कट्ट्याखाली एरवी कपाट असतं, नाहीतर मोकळी जागा. इथं जमिनीपासून दगडापर्यंत विटा रचून वर गिलावा केला होता.

"सर, हे बंद का केलंय? खालून आधार दिला असता तर बरं पडलं असतं."

"ओल यायची," सर म्हणाले. "वरूनच करा."

पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर होतं. सरांच्या पत्नी तिथं टेबलाशी बसल्या होत्या. नीटनेटक्या, हसतमुख. मिस्त्रीणीनं नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि हसू तसंच ठेवलं.

२

आधीचं भरलेलं काढल्याशिवाय नवं धरत नाही. मिस्त्री आकडीच्या पात्यानं भेग कोरायला लागला. वर पांढरं सिमेंट निघालं, त्याखाली काचेसारखा कडक गोंद, आणि त्याच्याही खाली तो लवकर धरणारा प्रकार, पिवळा पडलेला. म्हणजे आधी तीन वेळा भरून झालं होतं.

पिवळा तुकडा बोटाएवढा लांब, अख्खा निघाला. मिस्त्रीनं सहज उलटा करून पाहिला आणि त्याचा हात थांबला.

आरपार भेगेत वरून ओतलेला गोंद खाली उतरतो आणि मेणबत्तीच्या ओघळांसारखा लोंबत सुकतो. हा खालून सपाट होता. नुसता सपाट नव्हे, पात्यानं खरवडून, पुसून गुळगुळीत केलेला. पात्याच्या बारीक रेघासुद्धा दिसत होत्या. जातिवंत कारागिराचं काम.

"सर, त्या विटा कधी लावल्या?"

"अकरा वर्षं झाली," बाहेरून उत्तर आलं.

"आणि हा पिवळा माल?"

"तो गेल्या वर्षीचा."

मिस्त्रीनं तुकडा खिशात टाकला. खाली फळी असेल, त्यानं मनाशी म्हटलं. विटा लावताना वर फळी सारली असेल आणि गोंद तिला टेकून सपाट झाला असेल. रेघा फळीच्या. विचार चांगला होता. फक्त फळीला टेकलेला गोंद फळीला चिकटतो, तो असा सुटून येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ते जरा बाजूला ठेवलं.

अॅसिटोननं भेग पुसली, गरम हवेच्या गननं आतली ओल काढली. मग सवयीनं बोटाच्या पेरानं दगड वाजवून बघितला. टक, टक, टक. आवाज भरीव होता.

टक.

"आता तू वाजवलंस?"

"मी कशाला? माझे दोन्ही हात डब्यात आहेत," मिस्त्रीण म्हणाली. "पाइप असेल. तापवलात ना एवढा."

तिनं हात पुसला आणि कट्ट्यावर तळवा ठेवला, तिच्या पद्धतीनं, चार बोटं जुळलेली आणि करंगळी लांब. सांध्याची पातळी ती अशीच चाचपायची.

"खालून ऊब येतेय हो."

"गनची असेल."

"गन इकडे लावलीत तुम्ही." तिनं तळवा भिंतीकडे सरकवला. "ऊब इथं आहे."

३

मिस्त्रीणीनं इपॉक्सीचे दोन भाग मोजून काढले, पत्र्याच्या तुकड्यावर मिसळले, काडीनं पांढऱ्याचा एक थेंब, राखाडीचा अर्धा. ती खिडकीशी जाऊन उजेडात बघत राहिली.

"खडूचा पण नाही आणि सायीचा पण नाही," ती पुटपुटली. "मध्येच कुठंतरी आहे मेला."

भेगेच्या दोन्ही बाजूंना टेप लावून मिस्त्रीनं ओतायला सुरुवात केली. एवढ्या भेगेला चार चमचे माल पुरावा. भेगेनं चार पचवले, मग आठ. पत्रा रिकामा झाला. तिनं पुन्हा कालवलं, तेही गेलं. तळ नसलेल्या भांड्यात ओतावं तसं.

"फळी नाही तर खाली," मिस्त्री म्हणाला.

"कसली फळी?"

तेवढ्यात भेग भरायला लागली. त्याचा हात वर होता, काडी कोरडी होती, आणि भेगेत माल आपोआप चढत होता. आला तो टेपच्या काठापर्यंत आला आणि थांबला. एक थेंब जास्त नाही की कमी नाही. रंग मिस्त्रीणीच्या मालाहून किंचित वेगळा होता, आणि दगडात असा मिसळून गेला होता की भेग नक्की कुठं होती ते टेपवरूनच कळत होतं.

मिस्त्रीण खाली वाकून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं बोलकेपण ओसरलं होतं.

"आतली हवा," मिस्त्री म्हणाला. "हवा अडकली की माल वर ढकलते."

"अहो, हा माझा रंग नाही."

"मग कुणाचा असणार?"

"म्हणजे माझाच आहे. पण मी अजून बनवला नाहीये. आता परत कालवला असता तर असा कालवला असता." तिनं डब्याचं झाकण लावलं. "चला ना, निघू या."

इथं मिस्त्रीनं जे केलं ते त्याच्या जागी कुठल्याही कारागिरानं केलं असतं. भेगेच्या दोन बाजू ओढून धरणारा क्लॅम्प खाली गाडीत राहिला होता. तो लावल्याशिवाय सोडलं तर सांधा उंचसखल होतो, आणि अर्धवट काम टाकून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"दहा मिनिटं. क्लॅम्प आणतो, लावतो की निघालोच."

"मी पण येते."

"अगं, माल धरायला लागेल. टेप कोण बघणार?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. भांडेल असं त्याला वाटलं. ती भांडली नाही. "लवकर या," एवढंच म्हणाली.

लिफ्ट यायला वेळ लागला. परत येताना पॅसेजमध्ये सर दिसले नाहीत. बाथरूमचं दार लोटलेलं होतं. त्यानं ढकललं तर आतून कडी.

"अगं?"

कडी निघाली. मिस्त्रीणबाई दारात उभी होती, हात स्वच्छ, पदर नीट.

"झालं," ती म्हणाली.

कट्ट्यावरची टेप निघाली होती, माल खरवडून सपाट केला होता. मिस्त्रीनं नख लावून पाहिलं. ज्याला दिवसभर लागतो तो इपॉक्सी दगडासारखा कडक झाला होता. भेग डोळ्याला दिसत नव्हती, नखाला लागत नव्हती.

"एवढ्यात धरला? कसा काय?"

"धरला," ती म्हणाली आणि हसली.

निरोप घेताना सर तिच्याकडे बघेनात. स्वयंपाकघरातल्या बाई मात्र उठून पॅसेजपर्यंत आल्या, आणि दोघी बायका एकमेकींकडे, जुनी ओळख असावी तशा बघत राहिल्या.

४

पहिले दोन दिवस बरे गेले. म्हणजे बरे गेले असं मिस्त्रीला वाटलं, कारण भांडण झालं नाही.

तिसऱ्या दिवशी एका ओट्याचं काम होतं. तिनं डबा उघडला, पांढरा घातला आणि काडी त्याच्या हातात दिली.

"रंग बघ की," तो म्हणाला.

"पांढराच आहे ना?"

"अगं पण कुठला पांढरा?"

"पांढरा," ती म्हणाली, लहान मुलाला समजवावं तशी.

काम बिघडलं. ओट्यावर सांधा टाक्यासारखा उठून दिसत होता. गिऱ्हाईक बोललं, ते ऐकून ती नुसती हसली. एरवी तिनं गिऱ्हाइकाला उभं जाळलं असतं.

मग मिस्त्री बघायला लागला. बघू नये हे कळत असून बघायला लागला. ती जेवण वेळेवर करायची, चवीला काही नाव ठेवायला जागा नसे. त्याच्या विनोदांवर हसायची, आणि नेमकं तेच त्याच्या अंगावर यायचं, कारण सव्वीस वर्षांत त्याच्या विनोदांवर ती कधी हसली नव्हती, पाठीत धपाटा घालायची. झोपेत ती बडबडत नसे आता. कुशीसुद्धा बदलत नसे. सकाळी उशीवर खळगा नसायचा.

वय झालं, तो स्वतःला सांगायचा. बायकांचं या वयात होतं असं. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे तपासले, रक्त तपासलं. सगळं उत्तम, म्हणाले. इतकं उत्तम की या वयात बघायला मिळत नाही.

मेहुणी येऊन राहून गेली. जाताना दारात म्हणाली, "भाऊजी, ताई किती शांत झालीय. काय जादू केलीत?"

"तुला वेगळी नाही वाटत?"

"वाटते ना. किती वर्षांनी माझ्याशी नीट बोलली."

मिस्त्रीनं तिच्याशी पुढं बोलणं सोडून दिलं. दुसऱ्या माणसाला दाखवता येईल असं त्याच्याकडे काहीच नव्हतं. टवका नाही की तडा नाही. आख्खी बाई घरात वावरत होती, आणि तिच्यावर कुठं नख लावावं तेच त्याला सापडत नव्हतं.

५

सतराव्या दिवशी दुपारी तो हातोडा आणि छिन्नी घेऊन सरांकडे गेला.

सरांनी दार उघडलं, हातोडा बघितला आणि बाजूला झाले. "किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"माझी अकरा वर्षं." ते स्वयंपाकघराकडे बघत हळू बोलत होते. आतून कपबशीचा आवाज येत होता. "ती तोंड धूत होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. दार दहाएक मिनिटं बंद होतं, बस. चूक माझी आहे. तुम्हाला एकट्याला बोलवायला हवं होतं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता, आणि ती भेग दर वर्षी थोडी थोडी..."

मिस्त्री ऐकायला थांबला नाही. त्यानं विटांवर घाव घातला. सरांनी अडवलं नाही.

"मीही काढल्या होत्या एकदा," ते म्हणाले. "काढा. त्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही."

पंधराएक विटा निघाल्यावर माणूस जाईल एवढी वाट झाली. मिस्त्री टॉर्च घेऊन पाठीवर आत सरकला. आत कोळिष्टकं, गिलाव्याची माती, बेसिनचा पाइप. फळी नव्हती. जमिनीवर एकही थेंब नव्हता. आठ चमचे आणि वर पुन्हा कालवलेला, एवढा माल गेला होता, त्याचा एक ओघळ नाही.

नाकावर हातभर अंतरावर दगडाची खालची बाजू होती. एरवी ती ओबडधोबड असते, तिथं कोण पॉलिश करतंय. इथंही ओबडधोबडच होती, फक्त भेगेच्या रेषेत दोन बोटं रुंदीची पट्टी गुळगुळीत होती. माल खरवडलेला, घासलेला, ओल्या फडक्यानं शेवटचा हात फिरवलेला. तो हात मिस्त्री डोळे मिटून ओळखू शकला असता. उजवीकडून डावीकडे, आणि टोकाला छोटासा वळणाचा फेर.

म्हणजे खालून भरणारी आत्ता तीच होती.

त्यानं टॉर्च बंद केला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पांढरा संगमरवर पातळ असला तर उजेड थोडा आरपार येऊ देतो, मागं दिवा धरला की मधासारखा दिसतो. काळोखात पडल्या पडल्या मिस्त्रीच्या डोळ्यांसमोरचा दगड हळूहळू तसा दिसायला लागला. वर बाथरूममध्ये खिडकीचा उजेड आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. पण हा उजेड हलत होता. कुणीतरी दिवा घेऊन जवळ येत होतं.

"सर," त्यानं हाक मारली, "तुम्ही कट्ट्यापाशी आहात का?"

"मी पॅसेजमध्ये आहे," सरांचा आवाज लांबून आला. "मी आत येत नाही."

दगडावर एक तळवा उमटला. सावली, पण कडा स्पष्ट. चार बोटं जुळलेली, करंगळी लांब. तळवा सांध्यावरून सरकला, थांबला, पुन्हा मागं आला. पातळी बघत होता.

मिस्त्रीनं आपला तळवा खालून त्याच्यावर टेकवला. दगड उबदार होता. त्यानं तिचं नाव घेतलं, मग आणखी मोठ्यानं घेतलं, दगडावर मुठी मारल्या. वरची बोटं ताठ झाली. ऐकू गेलं असावं. बोटांची पेरं वळली, वाजवायला वळतात तशी.

तेवढ्यात शेजारी दुसरा हात आला. रुंद, जाड बोटांचा. त्याचा अंगठा सांध्यापाशी बाहेरच्या बाजूला वाकडा होता. विसाव्या वर्षी लादीखाली सापडून मोडलेला आणि पुन्हा सरळ न झालेला तो अंगठा मिस्त्रीच्या चांगला ओळखीचा होता. त्या क्षणी तो त्याच्या स्वतःच्या हातावर, काळोखात, दगडाला टेकलेला होता.

वरच्या त्या हातानं तिचा हात हळुवार धरला. काही घाई नव्हती. समजूत घालावी तसा दगडावरून उचलून घेतला.

दिवा दूर गेला. दगड पुन्हा काळा झाला.

६

तो बाहेर आला तेव्हा सर विटांची माती झाडून एकीकडे रचत होते. "दिसलं?" असं त्यांनी विचारलं नाही.

"फोडला तर?" मिस्त्री म्हणाला.

"फोडून बघितला मी. हा नंतर बसवलेला, त्याआधीचा कट्टा वेगळा होता. खाली जमीन आहे, मिस्त्री. फरशी, आणि त्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्यांचं छत."

मिस्त्री बादलीच्या काठावर बसला. तिला कळलं असेल का, एवढाच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता. जिला पांढऱ्यातले सात पांढरे कळायचे तिला माणसातला फरक कळला नसेल? पहिल्याच दिवशी कळला असणार. आणि कळूनही तिनं सांधा असा शेवटच्या हातापर्यंत नेटका केला होता. तो हात पाठीशी उभा होता म्हणून, की तिलाही तिकडचा तो धपाटे खाऊन गप्प बसणारा, न चिडणारा माणूस बरा वाटला म्हणून, हे त्याला कोण सांगणार होतं. दुसरा विचार पहिल्याहून वाईट होता आणि तो जाता जात नव्हता.

"सिमेंट आहे?" त्यानं शेवटी विचारलं.

सरांनी पोतं दाखवलं. मिस्त्रीनं विटा पुन्हा लावल्या, एकेक, ओळंब्यात, जशा लावायच्या तशा. काम चोख झालं. त्यानं हात धुतले नाहीत.

घरी पोचला तेव्हा ऊन कलत होतं. दार तिनंच उघडलं. मातीनं माखलेले कपडे, रक्ताळलेल्या मुठी, सगळं तिनं बघितलं आणि काही विचारलं नाही.

"चहा ठेवते," ती म्हणाली आणि वळली.

"राहू द्या," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही बसा. मी करून घेतो."

सव्वीस वर्षांत त्यानं तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि तो दारातच थांबला, आता ती कमरेवर हात ठेवेल, डोकं ठिकाणावर आहे का हो, म्हणेल.

"बरं," ती म्हणाली, आणि पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला बसली.